कारखान्याचे अंगण आणि गावाचे पाणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत उदयपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बोलण्याचा मान मंडळाने मला दिला, याबद्दल कार्यकारिणीचा मी मनःपूर्वक आभारी आहे. अशा प्रसंगी वक्त्याने संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा शिवचरित्र यांपैकी एखादा विषय घ्यावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. मी मात्र आज कारखान्यांच्या आवारातून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याविषयी बोलणार आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेकांची कुटुंबे येथे आली ती उद्योगांच्या आणि सरकारी नोकऱ्यांच्या निमित्तानेच. ज्या गावाच्या पाण्यावर आपण वाढलो, त्या पाण्याचा विचार मंडळाच्या व्यासपीठावर व्हावा यात वावगे काही नाही, असे मला वाटते.

मी अभियंता नाही, रसायनशास्त्रज्ञही नाही. कलाशाखेचा पदवीधर असून केंद्र सरकारच्या सेवेत माझी हयात गेली. तेव्हा माझ्याकडून तांत्रिक सूत्रांची अपेक्षा कृपया करू नये. कायद्याचे आणि निकालपत्रांचे कागद लक्षपूर्वक वाचण्याची सवय जडलेल्या एका सामान्य माणसाला जे उमगले, तेवढेच आपल्यापुढे मांडतो.

आपल्या कोकणात आणि घाटमाथ्यावर मृग लागण्यापूर्वी घर शाकारण्याची रीत होती. आगोटीची बेगमी केल्याशिवाय कोणतीही गृहिणी पावसाला सामोरी जात नसे. राजस्थानात याच जातीची, किंबहुना याहून कडक शिस्त आपल्याला आढळते. येथे तलावात किंवा कुंडात ज्या जमिनीवरून पावसाचे पाणी वाहत येते, त्या जमिनीला आगोर म्हणतात. पाऊस येण्यापूर्वी आगोर झाडून घ्यायचा, त्यावर जोडे घालून जायचे नाही, तेथे घाण करायची नाही, असा जुना दंडक आहे. ज्या जमिनीवर पाऊस पडतो ती जमीन जशी असेल, तसेच पाणी आपल्या घड्यात येणार, हे त्या अशिक्षित म्हणविल्या गेलेल्या माणसांना पुरते ठाऊक होते.

माझे आजचे सारे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे आहे : कारखान्याचे आवार हा देखील कोणत्या तरी नाल्याचा, कोणत्या तरी विहिरीचा आगोर आहे. तो तसा आहे हे आपण विसरलो, आणि म्हणून तो झाडण्याचेही विसरलो.

कारखान्याचे पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नळातून बाहेर पडणारे सांडपाणी येते. त्या नळाला तोंड असते, त्यावर मोजमाप बसविता येते, त्यातील पाण्याचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठविता येतो. पावसाच्या पाण्याला असे एक तोंड नसते. ते छपरावरून येते, गोदामाच्या दारातून येते, मालमोटारी उभ्या राहतात त्या पटांगणावरून येते, भंगाराच्या ढिगाखालून येते. वाटेत जे भेटेल ते सोबत घेते. धुराड्यातून उडून छपरावर बसलेली धूळ, यंत्रातून गळलेले तेल, फुटक्या पोत्यातून सांडलेले खत, उघड्यावर टाकलेली राख, गंजलेल्या पिंपांच्या बुडाशी राहिलेले रसायन, यांपैकी काय विरघळवायचे आणि काय वाहून न्यायचे, हे पाणी कोणाला विचारीत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या छपरावरून येणाऱ्या पावसात देखील थोडे जस्त उतरते. मग उघड्यावर वर्षानुवर्षे पडलेल्या ढिगांची कथा काय सांगावी ?

हे पाणी असते तरी किती ? हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. ५ हेक्टरांचा एक मध्यम कारखाना घेऊ. तेथे तासाभरात ३० मिलिमीटर पाऊस झाला, आणि असा पाऊस आपल्या या कोरड्या मुलखातही होतो, तर त्या आवारावर १५ लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरांच्या टँकरांनी ते भरावयाचे म्हटले तर दीडशे टँकर लागतील. मातीची जमीन यातील काही पाणी पिऊन टाकते. सिमेंटचे पटांगण आणि पत्र्याचे छप्पर जवळजवळ सारेच बाहेर लोटून देते.

कोणी म्हणेल, उदयपूरचा पाऊस तो केवढा ! चिपळूण-महाबळेश्वरच्या मानाने तो अल्पच. पण धोका कमी होण्याऐवजी तो येथे वाढतो. आठ-नऊ महिने पाऊस नसतो, त्या काळात आवारात धूळ, तेल, भुकटी साचत राहते. मग पहिली जोरदार सर येते आणि एवढ्या महिन्यांचा सारा संचय तासाभरात नाल्यात नेऊन टाकते. त्या वेळी नाला कोरडा असतो. घाण पातळ करण्यापुरते देखील पाणी त्यात नसते. म्हणून तज्ज्ञ मंडळी पहिल्या सरीच्या पाण्याला सर्वांत घातक मानतात. जुन्या घरांतून पहिल्या पावसाचे पन्हाळीचे पाणी हौदात न घेता बाहेर सोडून देत, त्यामागे हेच शहाणपण होते. फरक इतकाच की घराच्या छपरावरचे ते पाणी निव्वळ धुळीचे असे. कारखान्याचे तसे बाहेर सोडून चालत नाही.

आता एका गावाची हकीकत सांगतो. ते गाव दूरचे नाही. आपल्या याच उदयपूर जिल्ह्यातील बिछडी. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रामुळे या लहानशा खेड्याचे नाव देशभरातील कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ झाले आहे. शेजारी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते कितपत ठाऊक आहे, याची मला शंका वाटते.

बिछडीच्या शेजारी एका उद्योगसमूहाच्या आवारात १९८७ च्या सुमारास तीव्र गंधकाम्ल आणि सुपर फॉस्फेट खत यांचे उत्पादन सुरू झाले. पुढे १९८८ मध्ये त्याच आवारात ‘एच’ आम्ल नावाचे रसायन तयार होऊ लागले. कापड रंगविण्याच्या रंगांसाठी हे आम्ल लागते. येथील उत्पादन सारे निर्यातीसाठी होते. हे रसायन तयार करताना लोहयुक्त आणि जिप्समयुक्त असा अत्यंत विषारी गाळ मोठ्या प्रमाणावर निघतो. सुमारे अडीच हजार टन गाळ निघाला आणि तो आवारात व आवाराभोवती उघड्यावर टाकण्यात आला. प्रक्रिया न केलेले सांडपाणीही मोकळे सोडण्यात आले. त्या ढिगांवर पावसाचे पाणी पडले, ढिगांमधून आम्लाच्या कारखान्याचे पाणी वाहिले, आणि विष झिरपत झिरपत भूगर्भात उतरले. विहिरींचे पाणी गडद झाले. ते माणसांना पिण्याजोगे राहिले नाही, गुरांना पाजण्याजोगे राहिले नाही, शेताला देण्याजोगेही राहिले नाही. गावकऱ्यांच्या संतापाचा उद्रेक झाला, जमावबंदीचा हुकूम काढावा लागला, आणि १९८९ च्या जानेवारीत ‘एच’ आम्लाचे उत्पादन थांबले.

म्हणजे उत्पादन अवघे वर्षभराचे. त्याचे भोग मात्र वर्षभरात संपले नाहीत. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला, म्हणजे जिला आपण ‘नीरी’ म्हणून ओळखतो तिला, न्यायालयाने पाहणी करण्यास सांगितले. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी लिहिलेला निकाल आला. ज्याने प्रदूषण केले त्यानेच ते निस्तरण्याचा खर्च सोसला पाहिजे, हे तत्त्व त्या निकालाने आपल्या देशात दृढ केले. १९९७ मध्ये खर्चाची रक्कम ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये अशी ठरली. ती भरली गेली नाही. १८ जुलै २०११ रोजी न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला की ही रक्कम चक्रवाढ व्याजासह भरावी. वर्षभराच्या उत्पादनापोटी बावीस वर्षांचे कोर्टकज्जे, आणि तेवढ्या काळात ज्या विहिरी नासल्या त्या नासल्याच.

यातील कायद्याच्या बाजूची चर्चा पुष्कळ झाली आहे. मी एका साध्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. तो गाळ जर पहिल्या दिवसापासून छपराखाली, पक्क्या फरशीवर, कठडा घालून ठेवला असता, त्यावर पावसाचा थेंब पडू दिला नसता, आणि सांडपाण्याला त्याच्यापासून दूर ठेवले असते, तर या हकीकतीतील फार मोठा अनर्थ टळला असता. त्या छपराला किती खर्च आला असता ? सदतीस कोटींच्या तुलनेत तो सांगण्याचीही गरज नाही.

आपल्याकडेच असे घडते असे मात्र कोणी समजू नये. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळ ऱ्हाइन नदीच्या काठी रसायनांच्या एका गोदामाला आग लागली. आग विझविण्यासाठी बंबांनी पाण्याचा मारा केला. ते पाणी गोदामातील कीटकनाशके आणि रंग घेऊन गटारांवाटे थेट नदीत गेले. ऱ्हाइनचे पाणी लाल झाले आणि हजारो मासे मेले. शिस्तीसाठी आणि स्वच्छतेसाठी नावाजलेला तो देश. परंतु आवारातून वाहणारे पाणी अडवून धरणारा पुरेसा मोठा हौद तेथे नव्हता. त्यानंतर त्या नदीकाठच्या रासायनिक कारखान्यांतून असे हौद बांधण्यात आले. अमेरिकेतही १९७२ च्या जलकायद्यात कारखान्यांच्या नळांचाच विचार प्रामुख्याने झाला. आवारातील पावसाच्या पाण्यासाठी १९८७ ची दुरुस्ती आणि १९९० चे नियम यावे लागले. तात्पर्य, हा विसर सार्वत्रिक आहे.

आपला कायदा काय म्हणतो ? १९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमात प्रवाह या शब्दाची व्याख्या दिली आहे. त्या व्याख्येत नदी तर आहेच. पण वाहता असो वा तूर्त कोरडा असो, असा कोणताही जलमार्ग आहे, आणि भूगर्भातील पाणीही आहे. ‘तूर्त कोरडा असो’ हे शब्द राजस्थानच्या दृष्टीने फार मोलाचे आहेत. ज्या नाल्यात वर्षातील दहा महिने वाळू आणि बाभळी दिसतात, तो कायद्याच्या लेखी प्रवाहच आहे, कचरा टाकण्याची मोकळी जागा नव्हे. त्याच अधिनियमाच्या चोविसाव्या कलमानुसार विषारी किंवा प्रदूषक पदार्थ जाणूनबुजून प्रवाहात, विहिरीत किंवा जमिनीवर, प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्षपणे जाऊ देण्यास मनाई आहे. माल उघड्यावर ठेवून पावसाकरवी तो नाल्यात पोहोचविणे, हा अप्रत्यक्षपणा नव्हे तर दुसरे काय ? २०२४ च्या दुरुस्तीने या अधिनियमातील बऱ्याच अपराधांसाठी कारावासाऐवजी आर्थिक दंड आला, आणि ती दुरुस्ती आरंभी ज्या राज्यांना लागू झाली त्यांत राजस्थान आहे. शिक्षेचे स्वरूप बदलले. कर्तव्य बदललेले नाही.

१९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) नियमांत काही रासायनिक उद्योगांसाठी याहून नेमकी तरतूद आहे. किमान २०० चौरस मीटर भूखंड असलेल्या घटकाने पावसाचे पाणी सांडपाण्यात किंवा फरशी धुतलेल्या पाण्यात मिसळू द्यायचे नाही. ते वेगळ्या गटारातून न्यायचे, आणि ताशी सरासरीने दहा मिनिटांचा पाऊस मावेल अशा, प्लॅस्टिकच्या जाड अस्तराच्या खड्ड्यातून पुढे सोडायचे. वाचताना हे फार मोठे ओझे वाटते. प्रत्यक्षात ताशी ३० मिलिमीटर पाऊस धरला, तर २०० चौरस मीटरांच्या भूखंडासाठी दहा मिनिटांचे पाणी होते १ हजार लिटर. आपल्या घरांच्या गच्चीवर ज्या काळ्या टाक्या असतात, त्यांतील एका टाकीएवढे. ५ हेक्टरांच्या कारखान्यासाठी हाच हिशेब अडीच लाख लिटरांवर जातो. दहा मीटर रुंद, साडेबारा मीटर लांब आणि दोन मीटर खोल असा एक हौद त्याला पुरतो.

उपाय कोणते, असे विचाराल तर ते आपल्या आजीच्या घरकामाहून फारसे वेगळे नाहीत. पहिला उपाय, माल झाकणे. जे पावसात भिजून विरघळेल किंवा वाहील ते छपराखाली असले पाहिजे. ताडपत्री ही तात्पुरती सोय आहे, छप्पर नव्हे. दुसरा, स्वच्छ पाणी आणि मलीन पाणी वेगळे ठेवणे. डोंगरउतारावरून येणारे आणि कचेरीच्या छपरावरचे पाणी आवाराच्या कडेने चर काढून बाहेरच्या बाहेर वळविले, तर हाताळावयाचे पाणी पुष्कळ कमी होते. तिसरा, तेलाच्या आणि रसायनांच्या टाक्यांभोवती असा कठडा घालणे की टाकी फुटली तरी माल आतच राहील. आणि त्या कठड्यात साचलेले पावसाचे पाणी तपासल्याशिवाय बाहेर न सोडणे. चौथा, पहिल्या सरीचे पाणी हौदात धरून, गाळ बसू देऊन, वरचा तेलाचा तवंग काढून, तपासणी करून मगच पुढचा निर्णय घेणे. ते चांगले असेल तर कारखान्यातच वापरावे. पाण्याची टंचाई असलेल्या या प्रदेशात तो फायद्याचाच सौदा आहे. आणि पाचवा उपाय, जो सर्वांत स्वस्त आहे आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित आहे, तो म्हणजे केरसुणी. आवार कोरडेपणी झाडावे. धुऊन काढू नये. धुतले की कचरा जात नाही, तो फक्त आपल्या दारातून दुसऱ्याच्या दारात जातो.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. अलीकडे पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याचा मोठा आग्रह धरला जातो, आणि घरांच्या बाबतीत तो योग्यच आहे. परंतु कारखान्याच्या मलीन आवारातील पाणी न तपासता शोषखड्ड्यात सोडणे म्हणजे भूगर्भातील पाण्यात स्वतःच्या हाताने विष कालविणे होय. बिछडीच्या हकीकतीचा हाच धडा आहे. नाला एका पावसाळ्यात धुऊन निघेल. नासलेली विहीर पिढीच्या पिढी निवळत नाही.

लहान उद्योजकांची अडचण मी जाणतो. भाड्याचा गाळा, अपुरी जागा, थकलेली देणी. त्यात हा हौद कोठे बांधायचा? प्रश्न खरा आहे, आणि त्याला एकट्या-दुकट्याने उत्तर नाही. औद्योगिक वसाहतीने रस्ते आणि वीज जशी सामाईक दिली, तशी पावसाच्या पाण्याची वेगळी गटारे आणि शेवटी एक सामाईक हौद दिला पाहिजे. मात्र माल झाकून ठेवायला आणि आवार झाडायला वसाहतीची वाट पाहण्याचे कारण नाही. ‘सर्वांचेच पाणी घाण जाते, माझ्या एकट्याने काय होणार ?’ हा युक्तिवाद ऐकायला सोयीचा असतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे मात्र त्या आडाचे पाणी पिणाऱ्याला कळते.

आणि हे पाणी जाते कोठे ? आपल्या शहरातून वाहणारी आयड नदी उदयसागराला मिळते. तेथून ती बेडच या नावाने चितोडकडे जाते, पुढे बनास, बनासमधून चंबळ, चंबळमधून यमुना, आणि यमुनेतून गंगा. आपण श्रद्धेने गंगाजलाची लोटी देव्हाऱ्यात ठेवतो. तिच्या उगमांपैकी एक अतिशय छोटी वाट आपल्या वसाहतींच्या गटारांतून निघते, हे त्या वेळी आपल्या मनात येत नाही. नद्या आणि तलाव यांचे रक्षण करणे हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. पण आपल्या परंपरेत ते त्याआधीच धर्मकर्तव्य होते.

शेवटी मंडळाच्या सभासदांना एक विनंती करतो. आपल्यापैकी कोणी कारखान्यात अभियंते आहेत, कोणी भांडारपाल आहेत, कोणी हिशेबनीस आहेत, कोणी माझ्यासारखे सरकारी कचेऱ्यांत आहेत. दरवर्षी ज्येष्ठ लागण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या कामाच्या जागी तीनच प्रश्न विचारावेत. आपल्या आवारात उघड्यावर काय पडले आहे ? त्यावर पाऊस पडला तर पाणी कोणत्या वाटेने जाईल ? आणि त्या वाटेच्या शेवटी कोणाची विहीर आहे ? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भांडारपालाकडे मिळेल, दुसऱ्याचे अभियंत्याकडे. तिसऱ्याचे उत्तर कोणाच्याही दप्तरात नोंदलेले नसते. त्यासाठी कुंपणाबाहेर पडून नाल्याकाठाने अर्धा कोस चालत जावे लागते. तेवढे चालण्याची तसदी आपण घ्यावी. ज्यांची विहीर तेथे आहे, त्यांना आपली भाषा कदाचित समजणार नाही. परंतु पावसाळ्यानंतर त्यांच्या पोहऱ्यात आलेले पाणी स्वच्छ असेल, तर त्यांना आपल्याविषयी जे कळायचे ते कळेल.

पन्नास वर्षे या भूमीने आपल्या मंडळाला आश्रय दिला. येथील पाण्यावर आपला गणेशोत्सव झाला, आपली हळदीकुंकवे झाली, आपली मुले मोठी झाली. त्या ऋणाची फेड करण्याची संधी दरवर्षी पहिल्या सरीबरोबर आपल्या दारी येते, इतकेच मला सांगावयाचे होते.